परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघावं का?

उलटपावली
ट्रेकच्या तयारीचा विषय निघाला की सगळे सामानाच्या यादीवर तुटून पडतात. बूट कुठले, सॅक किती लिटरची, पाणी किती. माझं म्हणणं, सॅक भरायच्या आधी एक आकडा ठरला पाहिजे: किती वाजता, असू तिथून, मागे वळायचं. माथा हाताशी आलेला असला तरी.

आकडा काढणं अवघड नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचं 1892 चं सूत्र अजून वापरात आहे: दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय चढाच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. 6 किलोमीटर वाट आणि 900 मीटर चढ म्हणजे साधारण पावणेतीन तास. पण हे न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचं गणित झालं. सोबत नवखे असले की धापा, फोटो आणि सुटलेल्या नाड्या धरून मी त्याची दीडपट करतो. झाले चार तास. उतरायला तीन. आता उलटं मोजा: सूर्यास्त 6 ला, उतरायचे 3 तास, राखीव 2 तास. दुपारी 1 वाजला की मागे.

घरीच का ठरवायचं? कारण वर पोचेपर्यंत आपण दमलेले असतो, माथा समोर दिसत असतो आणि 'आता एवढं आलोच आहोत तर' म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतोच.

जुनं खोड
सूत्रं कागदावर छान दिसतात. चाळीस वर्षं डोंगरात हिंडतोय, घड्याळ बघून कधी मागे फिरलो नाही. ढगांकडे बघतो, वाऱ्याकडे बघतो, सोबतच्यांच्या चेहऱ्याकडे बघतो. हल्ली माणसं मनगटाकडे बघत चालतात आणि पाय कुठे पडतोय ते बघत नाहीत.

उलटपावली
काका, तुमच्या चाळीस वर्षांना दंडवत. पण तुमच्यामागून येणाऱ्या पोरांकडे ती चाळीस वर्षं नाहीत, त्यांनी काय करायचं?

आणि अनुभवी माणसंही फसतात. 10 मे 1996 ला एव्हरेस्टवर दुपारी 2 नंतरही लोक चढत राहिले, मग वादळ आलं. आठ जण गेले, त्यात दोन मोहिमांचे म्होरके. त्याच दिवशी तिघे जण साडेअकराच्या सुमारास, शिखर वर दिसत असताना मागे वळले. तिघेही घरी पोचले.

कातळटप्पा
दिवसाभराच्या ट्रेकच्या गप्पांत एव्हरेस्ट आणू नका हो, दरवेळी कोणीतरी आणतंच.

धागाकर्त्याशी असहमत, कारण वेगळं. वेळ ठरवली की ती 'त्या वेळेआधी पोचायचंच' अशी होऊन बसते. आमच्या गटाची एकदा 12 ची मर्यादा होती. पावणेबारा झाले, वर अजून बराच चढ बाकी. म्होरक्या म्हणाला, उचला पाय. सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यावर पळापळ झाली आणि एकीचा घोटा मुरगळला. घाई नसती तर ती तिथे जपून गेली असती. मग तिला उतरवायला अंधार झाला तो झालाच. नियम पाळला आम्ही, अगदी मिनिटावर!

दुसरं, तुमच्या गणितात मागे फिरणं नेहमी सोपं धरलंय. काही कातळटप्पे चढायला सोपे आणि उतरायला जीवघेणे असतात. एका बाजूने चढून दुसरीकडे उतरायचं असेल तर अर्ध्याच्या पुढे गेल्यावर 'मागे' हीच लांबची वाट असते.

ओढ्याकाठी
+1. शिवाय पाणी. सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी मांडीपर्यंत आलेला मी पाहिला आहे, आणि आमच्या डोक्यावर थेंबही पडला नव्हता. पाऊस वर कुठेतरी झाला होता. आम्ही ठरल्या वेळी परत फिरलो होतो बरं का. तीन तास अलीकडच्या काठावर बसून काढले, पाणी उतरल्यावर निघालो. दोघे जण 'जाऊ की, एवढं काय' म्हणत होते. जोरात वाहणारं गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला आडवं करतं, आणि कमरेचा पट्टा आवळलेली सॅक त्याला उठू देत नाही.

त्यामुळे मी घड्याळापेक्षा अटी ठरवून निघते. गडगडाट ऐकू आला की डोंगराच्या धारेवरून खाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर नाही. वाटेतल्या ओढ्याचं पाणी ठरावीक दगडाच्या वर गेलं की ट्रेक संपला. कोणी भिजून कुडकुडायला लागलं, बोबडं बोलायला लागलं, तर आधी आडोसा आणि कोरडे कपडे, मग थेट खाली. भिजलेल्या माणसाला वाऱ्यात 10 अंशांतही गारठा बाधतो, त्याला बर्फ लागत नाही.

उलटपावली
@कातळटप्पा, घोट्याचा किस्सा वाचून गप्प झालो. मान्य. 1 म्हणजे कमाल, त्याच्या आत पोचायची शर्यत नाही, हे मी लिहायला हवं होतं. आरपारच्या वाटेला वळायची वेळ शेवटच्या सुखरूप परत येण्याजोग्या जागेपाशी लावायची, हेही घेतलं.

@ओढ्याकाठी, तुमच्या अटी हव्यातच. पण अट मोडली की नाही यावरही वर वाद घालता येतो. 'गडगडाट कुठे, विमान असेल' म्हणणारा भेटलाय मला. घड्याळाशी तसा वाद घालता येत नाही.

मोकळा पक्षी
मला हे सगळंच जड वाटतंय. निसर्गात जायचं ते या वेळापत्रकातून सुटायला ना? मी एकटा जातो, कुणाला सांगत नाही, वाटेल तेव्हा परततो. काही झालं तर माझं मी बघीन.

पिछाडीवाली
'माझं मी बघीन' हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं. तुमचं तुम्ही बघत नाही हो. रात्री बॅटऱ्या घेऊन दुसरी माणसं शोधायला निघतात, तीही त्याच निसरड्या वाटेवरून.

ॲरन रॉल्स्टनचं ठाऊक असेल. 2003 मध्ये युटामधल्या घळीत एकटा गेला, कुठे जातोय ते कुणालाच सांगितलं नव्हतं. दगडाखाली हात अडकला आणि पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून सुटावं लागलं. एकटं जाण्याला माझा विरोध नाही, मीही जाते. पण एक चिठ्ठी मागे ठेवते: कुठली वाट, कुठून उतरणार, किती वाजेपर्यंत फोन येईल.

आणि त्यात वेळा दोन असाव्यात. एक परतण्याच्या अंदाजाची, दुसरी 'यानंतर शोध सुरू करा' अशी. एकच वेळ दिली होती तेव्हा रेंज नसल्याने मला तासभर उशीर झाला आणि घरच्यांनी पायथ्याची माणसं उठवली. त्यांच्यासमोर तोंड दाखवायची लाज वाटली.

अवांतर: शिट्टी सगळे घेतात, वाजवायची कशी ते बहुतेकांना माहीत नसतं. आल्प्समध्ये ठरलेला इशारा मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं.

धाग्यात कुणी वाटेची बाजू मांडलेली नाही, म्हणून सांगते. मी गटाच्या शेवटी चालते. उशीर झालेला गट वळणं सोडून सरळ खाली कापतो. तिथलं गवत जातं, पुढच्या पावसात त्याच रेषेतून पाणी धावतं आणि दोन हंगामांत तिथे नाळ, म्हणजे खोल घळ, पडते. खाण्याची रिकामी पाकिटंही अंधार पडायला लागल्यावरच जास्त सुटतात, परत जाऊन उचलायला कुणी तयार नसतं.

मोकळा पक्षी
चिठ्ठीचं पटलं. वेळेचं अजून नाही.

जुनं खोड
माझ्यावर उगाच घड्याळद्वेष्टा असा शिक्का बसायला नको. उन्हाची तिरीप कुठल्या कड्यावर आली की उतरायला लागायचं हे आम्हीही ठरवत असू. आता विचार केल्यावर वाटतं, तेही घड्याळच झालं. पण ते ढगाळ दिवशी बंद पडायचं, हे कबूल.

एक तक्रार मात्र आहे. उतरायला तुम्ही तीन तास धरलेत. माझे गुडघे चार म्हणतात.

उलटपावली
मग तुम्ही सोबत असाल तेव्हा 12 ला मागे, काका.