राजद्रोह्याने करून दिलेलं खरेदीखत: रद्द, शून्य की जप्त?

बोरू:
इंग्लंडच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि एका वाक्यावर अडलेय. सर वॉल्टर रॅले या इंग्रज दरबारी आणि दर्यावर्दी सरदाराला १६०३ साली विंचेस्टरला राजद्रोहाखाली दोषी ठरवलं. डॉर्सेटमधली शेरबर्नची जहागीर त्याने त्याआधीच मुलाच्या नावे करून ठेवली होती. लेखात पुढे म्हटलंय की राजद्रोह्याने गुन्ह्यानंतर केलेली सगळी हस्तांतरणं राजा निकालात काढू शके. मी लिहिलं 'मालमत्ता जप्त होई', संपादकांनी केलं 'व्यवहार रद्द होत'. मला दोन्ही पटत नाही. जप्ती गुन्हेगाराकडून होते, इथे जमीन तर घेणाऱ्याच्या ताब्यात गेलेली असते. आणि 'रद्द' म्हटलं की व्यवहार आधी चांगला होता, मग कुणी मोडला असं वाटतं. राजाचं म्हणणं असं की तुला विकायचा हक्क त्या दिवशी उरलाच नव्हता. एकच नेमका शब्द आहे का?

गोदाकाठ:
'रद्दबातल' घ्या की. रद्द आणि बातिल, दोन्ही अरबी. दप्तरातली ही जुनी जोडी आहे. 'बातल'मध्ये 'मुळातच खोटं' ही छटा आहे आणि तुम्हाला तीच हवी आहे.

शुद्धलेखणी:
मराठीत 'शून्य' असताना अरबी जोडी कशाला? कायद्याच्या मराठीत 'शून्य विवाह' केव्हाच रुळला आहे. 'प्रारंभापासून शून्य' म्हणा, अर्थ चोख बसतो. सावरकरांनी 'दिनांक' आणि 'महापौर' दिले तेव्हाही लोक नाकं मुरडतच होते.

गोदाकाठ:
'विवाह शून्य' वकिलाला कळतं. आमच्या वडिलांची हयात तलाठ्याच्या कचेरीत गेली. 'फेरफार रद्द झाला' म्हटलं की माणसाच्या पोटात गोळा यायचा. 'फेरफार शून्य झाला' म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, म्हणजे किती झाला? शब्द ज्याला लागतो त्याला तो कळला पाहिजे.

दिवाणीवाला:
बोरूताई, शब्द ठरवण्याआधी कायदा पाहू, कारण जमीन आणि जंगम यांचे नियम वेगळे होते. राजद्रोहाची शिक्षा सुनावली गेली की जमिनीवरचा राजाचा हक्क थेट गुन्हा घडल्याच्या दिवसापर्यंत मागे जाई. मधल्या काळातली विक्री, गहाण, बक्षीसपत्र, सगळं कोसळे. घेणाऱ्याने रोख पैसे मोजलेले असोत, त्याला कटाचा गंधही नसो, तरी जमीन जाई. घोडे, चांदीची भांडी, कोठारातलं धान्य यांचं तसं नव्हतं. ते दोषी ठरल्या दिवसापासून राजाचं. त्याआधी खरोखर विकलेलं असेल तर विक्री टिके. राजाला चुकवण्यासाठी केलेली लुटुपुटूची विक्री मात्र टिकत नसे.

बायकोचंही तेच. गुन्ह्याआधी तिच्या नावे लावून दिलेली जमीन वाचे, विधवा म्हणून मिळायचा वाटा मात्र १५५२च्या कायद्यानंतर बुडे. तेव्हा 'सगळी हस्तांतरणं' हे मूळ लेखातलंच ढोबळ विधान आहे. सगळं तारखेवर होतं.

तारखेचं मोल सातव्या हेन्रीने बरोबर ओळखलं होतं. तिसऱ्या रिचर्डला हरवून तो राजा झाला ती बॉसवर्थची लढाई २२ ऑगस्ट १४८५ची. त्याने आपली कारकीर्द धरली २१ ऑगस्टपासून. म्हणजे दुसऱ्या दिवशी रिचर्डच्या, गादीवर बसलेल्या राजाच्या, बाजूने लढलेले सरदार राजद्रोही ठरले आणि त्यांच्या जमिनी हेन्रीच्या झाल्या. हा उघड अन्याय होता, आणि तो संसदेच्या कायद्याने पक्का केला गेला.

बोरू:
मग रॅलेची जहागीर कशी गेली? त्याने मुलाला दिली ती तर आरोपातल्या कटाच्या आधी.

दिवाणीवाला:
म्हणूनच रॅले तुमच्या वाक्याचं उदाहरण नाही. त्याचा दस्त तारखेवर पडला नाही. नक्कल करणाऱ्या कारकुनाकडून मालकी मुलाकडे नेणारे नेमके शब्दच गळले होते. सरन्यायाधीश पॉपमने दस्त निरुपयोगी ठरवला, म्हणजे जमीन रॅलेचीच राहिली आणि रॅलेची म्हणून राजाची झाली. १६०९ मध्ये पहिल्या जेम्सने ती आपल्या मर्जीतल्या रॉबर्ट कारला दिली. रॅलेच्या बायकोच्या पदरात भरपाई म्हणून ८,००० पौंड पडले. पुढे कारही खुनाच्या प्रकरणात बुडाला आणि १६१७ मध्ये शेरबर्न जॉन डिग्बीकडे गेलं. तिथे 'दस्त निष्प्रभ ठरला' लिहा. 'शून्य'ही नको, 'जप्त'ही नको.

सीमेवरची:
मला वेगळीच अडचण दिसते. राजद्रोही ठरल्यावर माणसाची मालमत्ता आणि हक्क जाणं, या सगळ्या प्रकाराला इंग्रजीत 'अटेंडर' म्हणतात ना? तो शब्द तसाच ठेवू नका. आमच्या बेळगावात अटेंडर म्हणजे कचेरीतला शिपाई. त्याला 'कलंकन' म्हणता येईल. मुळात 'टेंट', म्हणजे डाग, हाच शब्द आहे तो.

दिवाणीवाला:
ताई, डागाचा संबंध नंतर चिकटला. मूळ जुन्या फ्रेंचमधलं 'गाठणे' हे क्रियापद. कायद्याने गाठलेला तो अटेंट. पण लोकांना डागच दिसत राहिला, कारण परिणाम तसाच होता. अशा माणसाचं रक्त 'नासलं' असं धरत. आजोबा जिवंत, बाप राजद्रोही, तर नातवाला बापामार्फत आजोबांचं काही मिळत नसे. अमेरिकनांनी आपल्या राज्यघटनेत हे मुद्दाम रोखलं. तिथे राजद्रोहापायी झालेली जप्ती गुन्हेगाराच्या हयातीपुरतीच, वारसांचा हक्क शाबूत. इंग्लंडला त्यासाठी १८७० उजाडलं.

शुद्धलेखणी:
'रक्तभ्रंश' म्हणा. सुंदर शब्द होईल.

सीमेवरची:
भ्रंश बुद्धीचा होतो, योगाचा होतो. रक्ताला 'विटाळ' लागतो. 'वंशविटाळ' म्हणा.

शुद्धलेखणी:
'विटाळ' या शब्दाने आपल्याकडे माणसांचं काय केलंय ते ठाऊक असताना तो मी वापरणार नाही. माझा पूर्ण विरोध.

गोदाकाठ:
सावरकरांचं नाव वर निघालं म्हणून सांगतो. १९१०च्या निकालात त्यांना जन्मठेपेबरोबर सर्व मालमत्तेच्या जप्तीची शिक्षा झाली. भारतीय दंडविधानाच्या १२१व्या कलमात तेव्हा तशी तरतूद होती, १९२१ मध्ये ती जाऊन दंड आला. त्या जप्तीला घराघरांत 'जप्ती'च म्हटलं गेलं. अरबी असूनही त्या शब्दाने लोकांचा राग पेलला. त्याहून मागे गेलात तर फितव्यात सापडलेल्याचं वतन 'अमानत' होई. तिथे मालक संपत नसे, सरकार वतनावर हात ठेवून बसे. आता एकाच 'जप्त'मध्ये आपण हे सगळं कोंबतो.

सीमेवरची:
फितवा आणि फितूर एकच का? माझी आजी 'फितवा' सैन्यात झाला तरच म्हणायची, घरातल्या माणसाला 'फितूर'.

गोदाकाठ:
फितूर अरबी 'फुतूर'वरून, म्हणजे ढिलाई, दोष. हिंदीत त्याचं डोक्यातलं खूळ झालं, आपल्याकडे दगा.

शुद्धलेखणी:
मी 'फितना' मानतो. बंड, बखेडा. दगा तिथूनच येतो, ढिलाईतून कसा येईल?

गोदाकाठ:
पहारा ढिला पडल्याशिवाय किल्ला फितूर होत नाही. आणि 'साक्षीदार फितूर झाला' यात बंड कुठे आहे? तो फक्त आपल्या जबाबावरून सुटतो.

बोरू:
दिवाणीवाले, जमिनीसाठी 'गुन्ह्याच्या दिवसापासूनची हस्तांतरणं निरर्थक ठरत' चालेल का?

शुद्धलेखणी:
'निरर्थक' म्हणजे अर्थ नसलेलं. वाक्य निरर्थक असतं, खरेदीखत नव्हे. आणि गोदाकाठ, किल्ला फितूर होत नाही, किल्लेदार होतो.