जुनं वाटणारं नाव ठेवावं का? (तातडीचं आहे, कृपया लवकर सांगा)

घाईगडबड (धागाकर्ता)
थोडक्यात लिहितो, वेळ नाही. बाळाचं नाव ठरलंय आणि आम्हा दोघांनाही ते मनापासून आवडलंय. पण ज्याला सांगावं तो आधी क्षणभर गप्प होतो आणि मग म्हणतो, 'छान आहे, पण जरा जुनं नाही वाटत?' एका मित्राने तर थेट विचारलं, 'आणि हाक काय मारणार?' म्हणजे ठेवलेल्या नावाने कोणी हाक मारणारच नाही, हे त्याने धरूनच टाकलं. फॉर्म भरून द्यायचाय. शाळेत चिडवतील का? मोठं झाल्यावर बाळ आम्हाला बोल लावेल का? स्वतःचं नाव जुन्या वळणाचं आहे अशांनीच लिहा. नावांच्या याद्या देऊ नका, त्या पाहून डोळे दुखले.

पावशेर_ज्ञान
नाव काय?

रानजाई
मुलगा की मुलगी? आणि आडनाव?

घाईगडबड
मुलगी. नाव मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं की सगळे त्या एका नावावर घसरतात. मला जुन्या नावांबद्दल सर्वसाधारण मत हवंय. आडनावाचा इथे काय संबंध?

रानजाई
संबंध आहे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं हजेरी घेतल्यासारखं मोठ्याने म्हणून बघा. नुसतं नाव गोड वाटतं आणि पूर्ण नाव म्हणताना जीभ अडखळते, असं पुष्कळदा होतं. आद्याक्षरं एकत्र लिहूनही बघा. चिडवायला पोरांना तेवढं पुरतं.

जुनं_खोड
'जुनं' म्हणजे किती जुनं, ते सांगा ना. सगळी जुनी नावं एकाच गाठोड्यात बांधता येत नाहीत. रमा, दुर्गा, यशोदा, इरावती ही नावं आज कोणी ठेवली तर लोक 'वा' म्हणतात. मंगला, शोभा, सुरेखा, कल्पना ठेवून बघा, चेहरे पडतील. कारण साधं आहे. पहिल्या नावांच्या बायका आपण फोटोत पाहिल्या, दुसऱ्या नावांच्या बायकांनी आपल्याला गणितं शिकवली, बँकेत रांगेत उभं केलं. पणजीचं नाव खपतं, मावशीचं खपत नाही. अजून तीसेक वर्षांनी सुरेखाही परत येईल, बघाल.

आकडेमोड
खोडसाहेबांशी सहमत. अमेरिकेच्या सरकारी नोंदींत नावांची क्रमवारी १८८० पासून आहे. 'एमा' तेव्हा मुलींत तिसऱ्या क्रमांकावर होतं, पुढे पार मागे पडलं आणि २००८ मध्ये पहिल्या क्रमांकावर आलं. नावं फिरून येतात.

चष्मेबद्दूर
१८८० च्या त्याच यादीत पहिल्या दहांत मिनी आणि बर्थाही होत्या. त्या कुठे परत आल्या? जी परत आली तेवढीच मोजायची आणि वर नियम सांगायचा.

आकडेमोड
नियम नाही, कल म्हटलं.

चष्मेबद्दूर
'कल' हा शब्द तुमच्या प्रतिसादात मला दिसला नाही.

शब्दवेडी
जुनी नावं निदान कळतात तरी! हल्ली बागेत हाका ऐकल्या की कियारा, मायरा, नायरा, शनाया. अर्थ विचारला की 'देवीचं नाव आहे' असं उत्तर. कुठल्या देवीचं ते देवीलाच ठाऊक.

मायराची_आई
आम्ही नाव विचारपूर्वक ठेवलंय. दुसऱ्यांना नावं ठेवायची असतील तर वेगळा धागा काढा.

शब्दवेडी
तुमच्याबद्दल नव्हतं ताई. तुमचा आयडी आत्ता बघितला.

पावशेर_ज्ञान
धागाकर्ते, नाव सांगा आता. नावाशिवाय हे सगळं हवेत चाललंय.

घाईगडबड
बरं. कुसुम.

रानजाई
अहो, मग एवढं काय घाबरताय! तीन अक्षरं, जोडाक्षर नाही, इंग्रजीत लिहितानाही स्पेलिंगचा घोळ नाही. माझ्या नावात 'ज्ञ' आहे. ईमेल पत्ता सांगताना काय होतं ते मला विचारा.

जुनं_खोड
कुसुम मात्र अजून मावशीच्या रांगेत आहे, खोटं कशाला बोलू. फुलांच्या नावांत असं का होतं कोण जाणे. जाई, जुई, अबोली अजून टवटवीत. कुसुम, सुमन, पुष्पा, कमल थेट पेन्शनच्या वयाच्या. पण नाव वाईट नाही. शिरवाडकरांनी बहिणीच्या नावावरूनच कुसुमाग्रज हे टोपणनाव घेतलं, तेव्हा मराठी वाचणाऱ्याला ते परकं वाटायचं नाही.

चष्मेबद्दूर
आणि साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, १९६१, ग्वाल्हेर. कोणी 'कुसुम कोण?' म्हणालं तर सांगायला बरं.

दोन_नावं
माझा उपाय बिनतोड आहे. कागदावर कुसुम, घरात काहीतरी नवीन. आनंदीबाई जोशींचं माहेरचं नाव यमुना होतं, लता मंगेशकरांचं आधी हेमा होतं. काही बिघडलं का?

कागदपत्र_काका
तेव्हा ओळखपत्रांची जुळणी नव्हती. आता एका कागदावर एक नाव आणि दुसऱ्यावर दुसरं, की माणूस शपथपत्रं करत फिरतो. आणि इथे त्यांना आवडलेलं नावच कागदात कोंडून ठेवायचं, हा कसला उपाय?

दोन_नावं
घरातलं नाव कागदावर नसतंच काका. नीट वाचा.

कागदपत्र_काका
शाळेच्या अर्जात उत्साहाच्या भरात घरचं नाव लिहिणारे पालक मी टेबलाच्या पलीकडून पाहिलेत.
धागाकर्त्यांसाठी: फॉर्म जन्मनोंदणीचा आहे का? भारतात आहात का?

घाईगडबड
हो, जन्मनोंदणीचाच, भारतातच. सगळे म्हणतात लगेच द्या.

कागदपत्र_काका
नोंदणी २१ दिवसांत करा, पण नाव त्यातच भरलं पाहिजे असं नाही. १९६९ च्या कायद्यात कलम १४ आहे: आधी नावाशिवाय नोंद, नाव नंतर. १२ महिन्यांच्या आत दिलं तर शुल्क लागत नाही, त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत देता येतं. फक्त एकदा नोंदवलेलं नाव बदलायला जाऊ नका, तिथे खरा त्रास आहे.

घाईगडबड
हे कोणी आधी का सांगितलं नाही!

पावशेर_ज्ञान
कारण तुम्ही कसला फॉर्म ते सांगितलं नाहीत.

मायराची_आई
मला एक विचारायचंय. तुम्ही 'ज्याला सांगावं तो' म्हणताय. जास्त विरोध नक्की कोणाचा आहे? ऑफिसातल्यांनी नाक मुरडलं तर आठवड्यात विसरतात. घरातलं कोणी असेल तर गोष्ट वेगळी.

घाईगडबड
सासूबाईंचा. त्यांचंच नाव कुसुम आहे.

रानजाई
काय?? हे आत्ता सांगताय?

शब्दवेडी
म्हणजे तुमचा प्रश्न जुन्या नावाचा नव्हताच.

घाईगडबड
होताच. त्याही 'जुनं आहे, नको' एवढंच म्हणतात. बायकोला आईचं नाव ठेवायचंय आणि मला ते नाव आवडतं. त्यांना संकोच वाटत असेल असं आम्ही धरून चाललोय.

मायराची_आई
धरून चालू नका, बायकोला विचारू द्या. तुम्ही विचाराल तर जावई म्हणून गोड काहीतरी सांगतील. वर्गात चार कुसुम होत्या म्हणून नाव आवडत नसेल, किंवा आणखी काही असेल. त्या नावासोबत आयुष्य त्यांनी काढलंय.

जुनं_खोड
हे पटलं. माझी पावणेदोन पानांची थिअरी मागे घेत नाही, पण हे पटलं.

घाईगडबड
बायकोने विचारलं. त्या म्हणाल्या, 'जुनं आहे हे खरंच, पण तेवढंच नाही. तुम्ही पोरीला रागावणार, कुसुम हे काय केलंस, कुसुम गप्प बस. आणि मी शेजारच्या खोलीत बसून ते ऐकायचं?' यावर आम्हा दोघांकडे उत्तर नाही. तूर्त नोंदणी नावाशिवाय करतोय.

चष्मेबद्दूर
बाई मुद्द्याचं बोलल्या.

दोन_नावं
म्हणूनच सांगत होतो, घरात हाक मारायला दुसरं नाव ठेवा.

नवा_सदस्य_७
फक्त शीर्षक वाचलं. मुलासाठी 'प्रभाकर' सुचवतो.