घरघंटीची लाईन: माणसं किती लागतील आणि ते नेमकं कधी ठरवायचं?

बीबीए_तिसरं_वर्ष

नमस्कार. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करतेय. कंपनी काल्पनिक, जागा भोसरी एमआयडीसी, उत्पादन घरघंटी (१ एचपी मोटर, सिंगल फेज). गाइड सरांची अट अशी की मनुष्यबळ नियोजन आणि नवीन उत्पादन विकास हे दोन्ही विषय एकाच उदाहरणात जोडून दाखवायचे. पुस्तकात ही प्रकरणं एकमेकांपासून दीडशे पानं लांब आहेत!

माझे आकडे: मागणी महिन्याला १,२०० नग, कामाचे दिवस २५, एकच शिफ्ट साडेआठ तासांची. त्यात अर्धा तास जेवण आणि दहा-दहा मिनिटांचे दोन चहा. एका नगाचं काम असं: कॅबिनेट जुळवणी १४ मिनिटं, मोटर आणि दळण-चेंबर बसवणं १८, वायरिंग ९, चाचणी १२, पॅकिंग ७. एकूण ६०.

दिवसाला ४८ नग × ६० = २,८८० मिनिटं, भागिले ५१०, आले ५.६. म्हणजे ६ माणसं. वर सुरक्षित म्हणून १० टक्के, झाली ७. सर म्हणाले, "उत्तर जवळपास आहे, रीत चुकली." कुठे चुकली ते कुणी सांगेल का? आणि उत्पादन विकासाशी हे जोडायचं कुठे?

टाइमस्टडी_भोसरी

५१० ने भागायचं नाही. जेवण आणि चहा काढून हातात उरतात ४६० मिनिटं. तिथून टाक्ट टाइम काढ: ४६० ÷ ४८ = ९.५८ मिनिटं. दर ९.५८ मिनिटांनी एक घरघंटी लाईनवरून उतरली पाहिजे. पुढचा सगळा हिशेब या एका आकड्याशी ताडून बघायचा.

दुसरी चूक मोठी आहे. तू सगळी मिनिटं एका ढिगात टाकून भागाकार केलास. लाईनवर तसं होत नाही, कारण वायरिंगवाल्याची उरलेली अर्धी-पाऊण मिनिटं कॅबिनेटवाल्याला उसनी देता येत नाहीत. प्रत्येक स्टेशन वेगळं मोज. कॅबिनेट १४ मिनिटं, टाक्टपेक्षा जास्त, म्हणून २ माणसं (प्रत्येकी ७). मोटर-चेंबर १८, २ माणसं (प्रत्येकी ९). वायरिंग ९, एक. पॅकिंग ७, एक. चाचणी १२, म्हणजे २. एकूण ८.

चाचणीकडे जरा नीट बघ. तिथे माणूस नाही, टेस्ट बेंच अडवतो. बेंच एकच असेल तर ४६० ÷ १२ = ३८ नग, दिवस संपला. मागे पन्नास माणसं उभी केलीस तरी ३९ वा नग निघणार नाही. वायरिंगपाशी अर्धवट घरघंट्यांची रांग लागेल आणि सुपरवायझर म्हणेल "माणसं कमी पडतायत". खरं तर बेंच कमी पडतोय. माणसांची मागणी आली की आधी विचारायचं, नक्की अडलंय कुठे?

आता ८ चे ७ कसे होतात ते. चाचणीच्या १२ मिनिटांत माणसाचं हातकाम किती? मशीन बेंचवर ठेवणं, इन्सुलेशन आणि अर्थिंगची तपासणी, शेवटी नोंद करून उतरवणं, मिळून ४ मिनिटं धर. उरलेली ८ मिनिटं मशीन नुसतं चालवून थरथर, आवाज आणि तापमान बघायचं असतं. बेंच दोन हवेत, पण दोन्हीवर माणूस एकच पुरतो. उरलेल्या वेळात त्याला पॅकिंगही देऊ असं वाटेल, पण ४ + ७ = ११, टाक्टच्या वर जातं. देऊ नकोस.

तर लाईनवर माणसं ७. तुझंही ७ च आलं, पण तो योगायोग आहे. मागणी १,५०० केलीस की तुझी रीत लगेच उघडी पडेल: दिवसाला ६० नग, टाक्ट ७.६७. आता ९ मिनिटांची मोटरची दोन स्टेशनं आणि ९ मिनिटांचं वायरिंग तिथेच तुंबणार. सरसकट १० टक्के वाढवलेला माणूस नेमका या जागी उभा राहील याची हमी कोण देणार?

बीबीए_तिसरं_वर्ष

सर, खूप आभार. मग पटावरही ७ च लिहायची का? सुट्ट्यांचं काय?

हजेरीपुस्तक

नाही. लाईनवरच्या जागा आणि पटावरची माणसं हे दोन आकडे वेगळे. गैरहजेरी ८ टक्के धरली तर ७ ÷ ०.९२ = ७.६, म्हणजे पटावर ८. आठवा माणूस "जादा" नसतो, तो बदली. त्याला सगळी स्टेशनं यायला हवीत, म्हणून तो सर्वात नवखा नको, सर्वात जाणता हवा. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं करतात: नवा पोरगा हेल्पर म्हणून जादा ठेवतात, आणि वायरिंगवाल्याने दांडी मारली की लाईन बंद.

त्यासाठी स्किल मॅट्रिक्स जोड. उभी माणसं, आडवी स्टेशनं, प्रत्येक चौकटीत चारपैकी एक पायरी: शिकतोय, देखरेखीखाली करतो, स्वतः करतो, दुसऱ्याला शिकवतो. नियम साधा: प्रत्येक स्टेशन किमान तिघांना यावं आणि प्रत्येकाला किमान तीन स्टेशनं. वायरिंगच्या रकान्यात एकच नाव दिसलं की धोका कुठे आहे ते वेगळं लिहावं लागत नाही.

८ टक्के वर्षभर सारखे लावू नकोस. गणपतीत कोकणातली माणसं गावी जातात, दिवाळीत बाहेरगावचे सगळेच, मे महिन्यात लग्नं. सरासरी ८ असली तरी गणपतीच्या आठवड्यात ती दुपटीवर जाऊ शकते, आणि दसरा-दिवाळीची मागणी भरायची वेळ तीच. महिनावार तक्ता कर.

ओव्हरटाईम की आधी साठा, हा मुद्दाही घाल, परीक्षक विचारतातच. सर्वात हळू स्टेशन ९ मिनिटांचं, म्हणून लाईनची कमाल ४६० ÷ ९ = ५१ नग, महिन्याला १,२७५. एका महिन्यात १,५०० हवेत तर २२५ कमी पडतात. ओव्हरटाईमने करायचे तर २२५ × ९ मिनिटं, साधारण ३४ तास. ७ माणसं, ताशी ९० रुपये मजुरी धरली तर दुप्पट दराने १८०: सुमारे ४३,००० रुपये. तुझी शिफ्ट जेवण सोडून ८ तासांची, सहा दिवसांचे ४८ भरले. त्यापुढचा प्रत्येक तास दुप्पट दराचाच. दुसरा मार्ग, आधीचे तीन महिने ७५-७५ नग जास्त काढून ठेवायचे. त्यात दुप्पट मजुरी नाही, पण नगाला ८,५०० खर्च धरला तर १९ लाख रुपये गोदामात अडकतात आणि घरघंटीच्या खोक्यांना जागा भरपूर लागते. दोन्ही मांड, मग एक निवड आणि का निवडलं ते लिही.

आणखी एक, ॲप्रेंटिस. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पटाच्या (कंत्राटी धरून) २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. तुझी लाईन छोटी, पण कंपनीचा एकूण पट ३० च्या वर दाखवला असशील तर हे यायला हवं. औंधच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन, फिटर मिळतात. मात्र टाक्टच्या हिशेबात त्यांना पूर्ण माणूस मोजायचं नाही. ते शिकायला आलेत.

प्रोटोटाइप_कोथरूड

आता जोड कुठे, त्याबद्दल. वरचा सगळा हिशेब त्या पाच वेळांवर उभा आहे. त्या तुला कुठून मिळाल्या? उत्पादन अजून कागदावर असेल तर ती मिनिटं अंदाजाची, आणि अंदाजाच्या मिनिटांवर कायमची भरती करायची नसते. दोन विषयांचा सांधा हाच: उत्पादनाच्या कुठल्या टप्प्यावर कुठल्या माणसाच्या भरतीला होकार द्यायचा.

संकल्पना ठरली की डिझाइनचे दोघं आणि दुरुस्तीचा अनुभव असलेला एक मेकॅनिक, बस. प्रोटोटाइपला (पहिला चालता नमुना) फिटर आणि इलेक्ट्रिशियन, हेच पुढे लाईनवर शिकवणारे होतात, म्हणून इथे हात आखडू नका. मग पायलट लॉट, ५० नग, खऱ्या लाईनवर, खऱ्या ऑपरेटरच्या हातून. डिझाइनरने स्वतः जोडलेले ५० नग म्हणजे पायलट नव्हे. मिनिटं इथे घड्याळ लावून मोजायची आणि उरलेली भरती त्यानंतर. भरतीला तीन आठवडे आणि शिकायला तीन आठवडे धरलेस तर बाजारात आणायच्या तारखेपासून सहा आठवडे मागे मोज. पायलट त्याच्याही आधी संपला पाहिजे. इथेच बहुतेक वेळापत्रकं कोलमडतात.

चाकण-रांजणगावच्या वाहन उद्योगात हेच एपीक्यूपी (उत्पादनाच्या गुणवत्तेची आगाऊ आखणी) नावाने चालतं, पाच टप्प्यांत: आखणी, उत्पादनाचं डिझाइन, प्रक्रियेचं डिझाइन, दोन्हींची पडताळणी, आणि ग्राहकाकडून आलेल्यावर सुधारणा. पाचवा टप्पा विद्यार्थी एका ओळीत उरकतात. पिंपरीत तयार झालेली टाटांची इंडिका १९९८ मध्ये आली, सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या, आणि त्या दुरुस्त करून २००१ मध्ये व्ही२ उतरवली, ती जोरात चालली. पाचवा टप्पा समजवायला पुण्यात याहून जवळचं उदाहरण नाही.

ग्राहकाला "घ्याल का?" विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. विचार की मागच्या वेळी किती किलो दळलं, कुठे, किती थांबावं लागलं, काय दळायला गिरणीवाला नाही म्हणतो. चौघांच्या घरात महिन्याला २० किलो आणि दळणाचे किलोला ८ रुपये धरले तर महिन्याला १६० वाचतात. कर सोडून १४,००० ची घरघंटी वसूल व्हायला ८७ महिने, सात वर्षांच्या वर, वीज धरलीच नाही. म्हणजे "पैसे वाचवा" ही जाहिरात खोटी ठरेल. लोक घेतात ते ताज्या पिठासाठी आणि आपल्या धान्यात दुसऱ्याचं मिसळू नये म्हणून. मग डिझाइनमध्ये जोर कशावर द्यायचा ते आपोआप ठरतं: सकाळी सात वाजता फ्लॅटमध्ये चालवता येईल इतका कमी आवाज, आणि ओट्यावर पीठ न उडणं.

चाचणी फक्त गव्हावर करू नका. कोरडा गहू कुठल्याही मशीनमध्ये छान दळला जातो. पावसाळ्यातली सादळलेली ज्वारी घाला, बेसनासाठी हरभरा डाळ बारीक जाळीवर घाला, तीळ मिसळून बघा. तेल सुटलं की जाळी बुजते, पीठ बाहेर पडत नाही, चेंबर तापतो, मोटर करंट जास्त ओढते आणि ओव्हरलोडचा स्विच पडून मशीन बंद होतं. ग्राहक म्हणतो "मोटर गेली". मोटर ठणठणीत असते, जाळी सहज काढून पुसता येत नाही हा दोष. पायलटमध्ये हे सापडलं तर एक खटका बदलावा लागतो. विक्रीनंतर सापडलं तर प्रत्येक घरी माणूस पाठवावा लागतो.

बीबीए_तिसरं_वर्ष

माझं लक्ष्य खर्च ८,५०० आहे: १४,००० मधून विक्रेत्यांचे २० टक्के, वाहतूक-वॉरंटी-जाहिरात १,४००, नफा १,३००. प्रोटोटाइपचा हिशेब ९,३५० आला. ८५० रुपये जास्त. म्हणून एक ऑपरेटर कमी करायचा पर्याय लिहिला होता.

टाइमस्टडी_भोसरी

करून बघ. एका माणसाचा महिन्याचा खर्च २०,००० धर, भागिले १,२०० नग. नगामागे १६ रुपये ६७ पैसे वाचले. आठही माणसं घरी पाठवलीस तरी १३३. ८५० चं भोक माणसांत नाही, मालात आहे. कॅबिनेटचं प्लाय, चाकं, डिजिटल डिस्प्ले, पॅकिंगचं थर्मोकोल तपास. मोटरच्या तांब्याला हात लावू नकोस, तिथे वाचवलेलं वॉरंटीत परत जातं.

माणसं कमी होतात ती डिझाइनमुळे, आणि तीही सगळीकडे नाही. मोटर बसवणं १८ वरून १४ मिनिटांवर आणलंस तरी माणसं दोनच, फक्त दोघं जास्त वेळ मोकळे. तेच कॅबिनेट १४ वरून साडेआठ मिनिटांवर आणलंस, म्हणजे स्क्रूऐवजी खाचेत बसणारे पॅनल आणि आधीच पाडलेली भोकं, तर एक जागा खरोखर रिकामी होते. डिझाइनरला हे प्रोटोटाइपच्या वेळी सांगायचं. साचे बनून आले की तो ऐकणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल.

प्रोटोटाइप_कोथरूड

यात भर. पहिल्या महिन्यात १,२०० निघतील असं लिहू नकोस. टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये विमानांच्या उत्पादनावर मांडलेला लर्निंग कर्व्ह लाव: एकूण नगसंख्या दुप्पट झाली की लागणारा वेळ ठरावीक टक्क्यांनी घटतो. तुझं हातकाम ६० वजा यंत्राची ८, म्हणजे ५२ मिनिटं. पहिल्या नगाला १३० लागली आणि वक्र ९० टक्क्यांचा (नग दुप्पट झाले की वेळ आधीच्या ९० टक्के) धरला, तर दुसऱ्याला ११७, चौथ्याला १०५, ६४ व्याला ६९, आणि ५२ वर यायला ४०० च्या पुढे नग जावे लागतात. चाचणीची ८ मिनिटं मात्र शिकून कमी होत नाहीत. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे दिवसाचं लक्ष्य वेगळं ठेव, आणि विक्रीवाल्यांना तोच आकडा दे.

बीबीए_तिसरं_वर्ष

आणि या काळात ऑपरेटर सोडून गेला तर वक्र पुन्हा पहिल्यापासून?

हजेरीपुस्तक

पूर्ण नाही, त्याच्या स्टेशनपुरता. जिग (भाग जागच्या जागी धरणारी चौकट), भोकांच्या जागा, कामाचा क्रम हे सगळं लाईनकडे राहतं, हात नवे येतात. म्हणून नव्याला आधी पॅकिंगवर टाक. तिथे ७ मिनिटांचं काम आणि टाक्ट ९.५८, अडीच मिनिटांची सवड आहे. वायरिंगवर तेवढी सवड नाही, तिथे बदलीवाला जाणता उभा कर. आणि लिहिताना कामाचे आठवडे मोज, तारखा नकोत: सोडून जाणारे बहुतेक पगाराच्या दुसऱ्या दिवशी येत नाहीत, तो आठवडा दर महिन्याला तक्त्यात कमी धर.