क्रांतिसिंह नाना पाटलांना कुणी घडवलं?

कृष्णाकाठ:
परवा इस्लामपुरात पारावर एकानं ठासून सांगितलं, "नाना नसते तर प्रतिसरकार झालंच नसतं." प्रतिसरकार म्हणजे १९४२ च्या चळवळीत तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात इंग्रजांना डावलून गावोगाव चालवलेलं आपलं सरकार. मला हे पटत नाही. येडेमच्छिंद्रचे नाना १९३० साली तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत पडले, तेव्हा रान आधीच नांगरलेलं होतं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे जलसे, म्हणजे गाण्या-सोंगांतून प्रबोधन करणारे कार्यक्रम, गावोगाव होऊन गेले होते. भटजीवाचून लग्न लागतं, सावकाराला जाब विचारता येतो, हे कुणब्याच्या कानावर पडलं होतं. पुढची गांधी लग्नं, म्हणजे प्रतिसरकारच्या काळातली साधी, कमी खर्चाची लग्नं, त्याच मुळावर उगवली.

माणदेशी गडी:
जलसे काय फक्त आपल्याकडंच झाले? पुणे-नगरकडंही झाले की! तिथं का नाही उभं राहिलं असं सरकार? मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, जमिनी सावकाराकडं गहाण पडल्या. वर महायुद्धाची महागाई, रॉकेलसुद्धा मिळेना. पोटाला चिमटा बसला म्हणून माणूस उठला.

कृष्णाकाठ:
मग तोच सवाल तुम्हालाही. मंदी आणि महागाई तर सगळ्या मुलखात होती.

वारणेचं पाणी:
दोघंही तेव्हाचा नकाशा विसरताय. सातारा जिल्हा इंग्रजांचा, पण मधूनमधून औंध, सांगली, मिरज, जत, फलटण अशी संस्थानं. तुफान सेनेचं, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाचं, कुंडल तर औंधात! हद्द ओलांडली की पाठलागावरच्या पोलिसांची अडचण व्हायची. भूमिगताला याहून मोठा आसरा कुठला? आणि ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला मोर्चावर गोळीबार झाला, नऊजण गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात गोळ्या. तिरंगा घेऊन कचेरीवर चालत गेलं की काय मिळतं, ते पोरांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतरच भूमिगत कामाला जोर आला. आमचे आजोबा वडूजचं नाव निघालं की जेवता जेवता थांबायचे.

माणदेशी गडी:
नकाशाचं मान्य. पण मग नानांचं श्रेय किती धरायचं? गावच्या बोलीत बोलणारा, तलाठी म्हणून सातबारा आणि सारा आतून जाणणारा पुढारी किती जणांना मिळाला?

कृष्णाकाठ:
तलाठीपणाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो घेतो. तरी कुंडलात जी. डी. बापू, वाळव्यात नागनाथअण्णा, वाईकडं किसन वीर, ही माणसं एकट्या नानांनी घडवली असं कसं म्हणता? नाना भूमिगत असताना न्यायपंचायती गावानंच चालवल्या. पारावर मी हेच सांगत होतो.