मदत हवी आहे: जिप्सी दोन इंच उचलली, आता साठला स्टिअरिंग थरथरतं

रामबागवाला (इंदूर)

नमस्कार मंडळी. गाडी मारुती जिप्सी किंग, 2006, सॉफ्ट टॉप, 1298 सीसी. (लष्करी छावणीचं महू हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इथे जिप्सी दिसली की लोक आधी विचारतात, "लिलावातली का?" नाही हो, मामांची आहे.)

पावसाळ्यात जानापावच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर पोट घासत होतं, म्हणून दिवाळीआधी सस्पेन्शनला हात घातला. पुढे-मागे दोन इंच लांब शॅकल (कमानी, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग, चॅसिसला लटकवणारा दुवा), चारही कमान्यांत एकेक जादा पट्टा, आणि ऑनलाइन मागवलेले गॅसचे शॉकअप. टायर मूळ मापाचेच, 205/70 आर 15. गॅरेजचं नाव घेत नाही. उस्तादने दीड दिवसात काम उरकलं. जुनेच यू-बोल्ट (कमानी ॲक्सलला आवळून धरणारे) गॅसने तापवून परत चढवले. मी कुरकुर केली तर म्हणाला, "भिया, चलाओ तो सही, दो-चार दिन में सेट हो जाएगी." दोन महिने झाले.

राऊच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, पंचावन्न-साठला पुलाचा सांधा किंवा खड्डा लागला की स्टिअरिंग असं थरथरतं की मनगटावरचं घड्याळ वाजतं. चाळीसच्या खाली आल्याशिवाय थांबत नाही. सरळ रस्त्यावरही गाडी भटकते, वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही, वर सरळ चालताना ते डावीकडे कललेलं असतं. ॲक्सिलरेटर सोडला की चाळीस-पन्नासच्या मध्ये खालून घूंऽऽ असा आवाज. आणि मागची बाजू दगडासारखी कडक. जाम गेटचा घाट उतरून मंडलेश्वरला पोचलो तेव्हा आई एवढंच म्हणाली, "परत जाताना मी बसने येते."

व्हील बॅलन्सिंग दोनदा करून झालं. अलाइनमेंटवाला म्हणतो, सॉलिड ॲक्सलला (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर) अलाइनमेंट नसतं. आता एक जण स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचा शॉकअप) गळ्यात मारतोय. घेऊ का?

पाटेवाला (नगर)

घेऊ नका. डॅम्परने थरथर दबेल, जाणार नाही, आणि जे झिजतंय ते झिजतच राहील.

आधी एक सांगा. तुम्ही कमानी म्हणता, आम्ही पाटे म्हणतो, ते राहू द्या. पुढच्या पाट्याची बुश ते बुश (दोन टोकांच्या भोकांमधली) लांबी किती भरते? आणि दुसऱ्या एखाद्या अलाइनमेंटवाल्याकडून कॅस्टरचा (पुढची चाकं ज्या उभ्या आसावर वळतात तो मागे किती कललाय त्याचा) आकडा काढून आणा. त्याला टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर) सोडून काही बदलता येणार नाही हे खरं, पण मोजता सगळं येतं. "नसतं" म्हणणाऱ्याला मोजायचा कंटाळा आलेला असतो.

चिखलप्रेमी

शॅकल-बिकल पोरखेळ आहे. स्प्रिंग ओव्हर करा, ॲक्सल कमान्यांच्या खाली घ्या, पाच इंच एका दिवसात.

पाटेवाला (नगर)

दोन इंचांत आई बसने जायचं म्हणतेय, पाच इंच कुठे सुचवता? स्प्रिंग ओव्हरला ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा), ब्रेकचे होज, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत जोर नेणारे), सगळं नव्याने जमवावं लागतं. आणि ब्रेक मारल्यावर पाटे इंग्रजी एससारखे मुरडतात ते वेगळंच. यांचा प्रश्न तो नाही.

रामबागवाला (इंदूर)

मोजलं. बुश ते बुश पस्तीस इंच. दुसऱ्याकडे कॅस्टर काढला: डावीकडे 0.4, उजवीकडे 0.7 अंश. हा चांगला की वाईट?

पाटेवाला (नगर)

वाईट. मूळ तीन-साडेतीन अंशांच्या आसपास असतो. कुठे गेला ते बघा.

जिप्सीच्या पुढच्या पाट्याला शॅकल पुढच्या टोकाला असतं, मागचं टोक चॅसिसला पक्कं. शॅकल दोन इंच लांब केलं की पाट्याचं फक्त पुढचं टोक खाली जातं आणि अख्खा ॲक्सल पुढे वाकतो. पस्तीस इंचांत दोन इंच म्हणजे सव्वातीन अंश. तुमचा कॅस्टर तिथे गेला. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून हात सोडून चालवता येते. तो उभा केला तर हँडल लगेच भरकटेल. गाडी भटकते आणि स्टिअरिंग परत येत नाही ते याचमुळे.

शिवाय ॲक्सल दोन टोकांच्या मध्ये, त्यामुळे दोन इंचांच्या शॅकलने उंची मिळते एकच इंच. बाकीचा इंच जादा पट्ट्याने दिला असेल, आणि त्याची किंमत आई भरतेय. पट्ट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो: 6 मिमीच्या जागी 8 मिमीचा घातला तर तो एकटा 2.37 पट कडक. जिप्सी टनाच्या आसपासची गाडी, मागे ओझं नाही, कमानी दबणार कशी? मागचा जादा पट्टा काढून टाका, मी तर आजच काढला असता.

स्टिअरिंग कललंय ते ड्रॅग लिंकमुळे. गाडी वर गेली की तिचा कोन बदलतो आणि ती चाकांना एका बाजूला ओढते. लॉक नट सैल करून लिंकची लांबी जमवा. स्टिअरिंग व्हील उपटून सरळ बसवणारा भेटला तर तिथून निघा.

माळवी (देवास)

पाटेवालाकाका बरोबर आहेत, पण नुसत्या कॅस्टरने एवढी थरथर होणार नाही. किंगपिन (चाक वळतं ती खुंटी) बेअरिंग बघा, दादा. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला नाही तरी बेअरिंगचा दाब गेलेला असू शकतो. ड्रॅग लिंक, टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) सोडवा, नकलचं (चाक धरून किंगपिनवर फिरणारा भाग) ऑइल सील मोकळं करा आणि भंगारवाल्याचा स्प्रिंगकाटा नकलच्या हाताला लावून ओढा. किती किलोला नकल हलायला लागतो ते दोन्हीकडे बघा. मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो. काटा जवळजवळ काहीच दाखवत नसेल तर किंगपिनखालचे शिम (पातळ चकत्या) कमी करायचे, दाब वाढतो.

यू-बोल्ट मात्र उद्याच बदला. एकदा ताणलेला, वर तापवलेला यू-बोल्ट परत वापरतात का कधी! नवे लावल्यावर पाचशे किलोमीटरांनी पुन्हा आवळा. आणि रबरी बुश असतील तर शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर लटकवून आवळले की रबर कायमचं पिळलेलं राहतं.

बडोदेकर

तांत्रिक नाही, पण सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ नमुन्यापलीकडच्या बदलांना परवानगी देत नाही, आणि 182ए मध्ये मालकाला दर बदलामागे ₹5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. अपघात झाला तर विमावालाही पहिला खाली वाकून बघेल.

रामबागवाला (इंदूर)

बडोदेकर, मान्य. घरी हे वाचून दाखवलं नाही.

बाकी दोन रविवार गेले, हिशोब देतो. पुढचे लांब शॅकल काढून मूळचे परत लावले. कॅस्टर 3.2 आणि 3.4. भटकणं बंद, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून येतं, पण थरथर अर्धीच गेली. मग माळवीदादांचा काटा. आमच्या गल्लीतल्या रद्दीवाल्याने दिला, आधी दोनदा विचारलं, "इससे क्या तोलोगे?" उजवीकडे व्यवस्थित जोर लागला, डावा नकल मात्र बोटाने हलत होता, काटा शून्यावरच. शिम काढून दोन्ही बाजू सारख्या केल्या. सील फाटलं होतं तेही बदललं. काल पीथमपूर रोडला सत्तरपर्यंत नेली, मुद्दाम पुलाच्या सांध्यांवरून. एक झटका, संपलं.

म्हणजे किंगपिन आधीपासूनच सैल होता, लांब शॅकलने फक्त चव्हाट्यावर आणला. मामांना विचारलं तर म्हणे, "थोडी हलायचीच ती." थोडी!

मागचा जादा पट्टाही काढला. आता शॉकअप मोठ्या खड्ड्यात टक् करतात, आणि ती घूं तशीच आहे.

माळवी (देवास)

टक् म्हणजे शॉकअप लांबीला चुकलेत. कमानी पूर्ण दबली तेव्हा बंप स्टॉप (ॲक्सलला अडवणारा रबरी ठोकळा) आधी लागला पाहिजे, शॉकअप नाही. आधी शॉकअपच बसत असेल तर एक दिवस माउंटिंग उपटेल. एका बाजूचा सोडवा, पूर्ण दाबून आणि पूर्ण ताणून लांबी घ्या, मग गाडीवरची जागा मोजा. ऑनलाइनवाले गाडीचं नाव लिहितात, माप लिहीत नाहीत.

पाटेवाला (नगर)

घूं मागच्या शाफ्टची आहे. मागे शॅकल मागच्या टोकाला, ते लांब केलं की डिफरन्शियलचं (मागच्या ॲक्सलमधला गिअरचा डबा) तोंड वर होतं. शाफ्टच्या दोन्ही क्रॉसचे (टोकांच्या सांध्यांचे) कोन सारखे राहिले नाहीत की एका सांध्याने आणलेला कमी-जास्त वेग दुसरा पुसत नाही. फोनमधल्या कोनमापकाने ट्रान्स्फर केसची (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारा डबा) फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) आणि डिफरन्शियलची फ्लँज मोजा, दोन्ही समांतर हव्यात. जो फरक येईल तेवढ्या अंशांची पोलादी पाचर ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये घाला, जाड बाजू मागे. ॲल्युमिनियमची नको, चिरडते.

रामबागवाला (इंदूर)

अडीच अंशांचा फरक येतोय. लोहामंडीत एक खरादवाला (लेथवाला) पाचर करून द्यायला तयार आहे. पट्टे एकत्र धरणारा मधला बोल्ट जुनाच चालेल?

पाटेवाला (नगर)

पाचर मधोमध जेवढी जाड, तेवढा जुन्यापेक्षा जास्त लांब घ्या. बोल्टचं डोकं पॅडच्या भोकात पूर्ण बसलंय ना ते बोट घालून बघा, मगच यू-बोल्ट आवळा.