ग्लुट-१ डेफिशियन्सी : खेड्यात किटोजेनिक आहार कसा सांभाळायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. माझ्या साडेचार वर्षांच्या भाचीला ग्लुट-१ डेफिशियन्सी सिंड्रोम (रक्तातली साखर मेंदूत पुरेशी न पोचण्याचा आजार) असल्याचं नागपूरला निदान झालंय. बहिणीच्या वतीने लिहितोय.

सकाळी उपाशीपोटी तिला झटके यायचे, चालताना तोल जायचा. चार घास पोटात गेले की बरी. बोटातून रक्त घेऊन साखर तपासली तर दरवेळी नॉर्मल, म्हणून बराच काळ साध्या मिरगीची औषधं चालली. शेवटी काही तास उपाशी ठेवून पाठीतलं पाणी काढलं. रक्तात साखर ८६, पाण्यात ३१. एरवी पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश असते. नंतर एसएलसी२ए१ जनुकातला दोषही सापडला. रक्तातली साखर मेंदूत नेणारं ग्लुट-१ नावाचं प्रथिन हेच जनुक बनवतं. बहुतेक मुलांत हा दोष नव्यानेच झालेला असतो, आईबापाकडून आलेला नसतो. आमच्याकडेही दोघांच्या तपासण्या ठीक आल्या. हे मुद्दाम लिहितोय, कारण गावात बहिणीला बोल लावणारे बरेच आहेत.

न्यूयॉर्कच्या डॉ. डॅरिल डी व्हिवो आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हा आजार पहिल्यांदा मांडला. उपचार मुख्यतः आहाराचाच, त्यालाच किटोजेनिक आहार म्हणतात. भरपूर स्निग्ध पदार्थ दिले की यकृत त्यापासून किटोन नावाचं इंधन बनवतं, ते वेगळ्या वाटेने मेंदूत जातात आणि साखरेची जागा घेतात. आमचं प्रमाण ३:१ आहे, म्हणजे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम, तर स्निग्ध तीन ग्रॅम. झटके खूप कमी झालेत, पोर बोलायला लागलीय.

अडचण रोजच्या ताटाची आहे. मिळालेल्या तक्त्यात ॲव्होकॅडो, हेवी क्रीम, चीज. आमच्याकडे तूप, लोणी, खोबरं, तीळ, जवस, शेंगदाणे, अंडी. घरच्या म्हशीच्या दुधाची साय आहे, पण तिच्यात स्निग्ध किती ते रोज बदलतं. ती वजनात कशी धरायची? ज्वारीची भाकर तर जवळपास बंदच. आजी विचारते, 'लेकराले भाकर काहून देत नाही?' जवस किंवा तिळाची भाकरीसारखी जाडसर पोळी कुणी करतं का? मापासकट सांगा.

अंगणवाडीत खिचडी वाटतात तेव्हा तुमची मुलं काय खातात? ताईंना लिहून काय दिलंत? चहा आम्ही बंद केलाय, कारण त्यातलं कॅफीन ग्लुट-१ प्रथिनाला आणखी अडवतं. सर्दी-तापाच्या गोड सिरपऐवजी काय वापरता? झटक्यांची औषधं डॉक्टर बघतायत, ती इथे विचारत नाही.

संशोधनाबद्दलही विचारायचंय. उंदरांच्या पिल्लांना लहानपणीच निरोगी जनुक दिलं तर मेंदूचं नुकसान टळतं, असा प्रयोग कोलंबिया विद्यापीठात झाला, २०१७ मध्ये छापून आला. माणसांवर चाचण्या सुरू झाल्या तर भारतातल्या मुलांचं नाव कुठे असायला हवं? कुणी परदेशी नोंदणीत नाव घातलंय का, त्यांनी कोणते कागद मागितले?

आणि एक घाईचं. तान्हा पोळा आलाय. पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरतात, प्रत्येक दारी हातावर गोड पडतं. तिलाही जायचंय. शेजारच्या घरी आधीच नेऊन ठेवता येईल असा तूप-खोबऱ्याचा बिनसाखरेचा काही प्रकार असेल तर कृपया आजच लिहा.