गिरगावच्या खोलीत १९५७ सालचं अमूर्त जलरंगातलं चित्र सापडलंय, काय करू?

डोंबिवलीची_लेक

नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे आणि सल्ला हवाय. गिरगावातली आमच्या आत्याची चाळीतली खोली रिकामी करतोय, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, महिनाअखेर चावी द्यायचीय. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर एक चित्र आहे, मी लहानपणापासून बघतेय पण नीट कधी बघितलंच नव्हतं. आम्ही पोरं त्याला ओलीचं चित्र म्हणायचो कारण पावसात भिंतीला ओल येते ना, तसंच दिसतं. साधारण १४ बाय १० इंच, कागदावर वॉटरकलर. निळसर राखाडी आणि मधे पिवळट मातकट ठोकळे एकमेकांत विरघळलेले, वरून काळ्या शाईच्या बारीक रेघा. ना माणूस ना झाड ना घर. खाली उजवीकडे एक सही आहे, ती लागत नाही, आणि ५७ असा आकडा.

आत्याचे यजमान ब्लॉकमेकरकडे (छपाईचे ठसे बनवणाऱ्याकडे) नोकरीला होते पण चित्रांचं जबरदस्त वेड, जे.जे. आर्ट स्कूलमध्ये शिकणारे दोन-चार मित्र सतत घरी असायचे. आत्या एवढंच सांगायची की यांच्या मित्राने लग्नात दिलं. कोण मित्र ते कधी विचारलं नाही, आता दोघंही नाहीत आणि त्यांना मूलबाळ नव्हतं त्यामुळे सगळं माझ्या बाबांकडे आलंय.

आता गोंधळ असा की चुलतभावाने फोटो बघून हे गायतोंडेंचं आहे, म्हणजे त्या प्रसिद्ध अमूर्त चित्रकाराचं, असं जाहीर करून टाकलं. स्टेशनजवळचा फ्रेमवाला म्हणतो तपकिरी ठिपके ब्लीचने जातात, मग कागद बोर्डवर चिकटवून देतो म्हणजे परत फुगणार नाही. आणि जुन्या वस्तू घेणारा एक जण २० हजार कॅश देतोय, पण आजच्या आज हवंय म्हणे. बाबा म्हणतात देऊन टाक, कुठे ठेवणार. मला मात्र ते भिंतीवरून काढताना कसंतरीच झालं. फोटो टाकलाय, बघून सांगा प्लीज.

अंधेरी_लोकल

अजिबात देऊ नका!! आजच पाहिजे म्हणणाऱ्याला तर नाहीच. गायतोंडेंचं १९६१ चं एक चित्र २०२१ मध्ये लिलावात जवळजवळ ४० कोटींना गेलंय, त्याआधी २०१३ ला मुंबईतच २३ कोटींच्या वर गेलं होतं. तुमच्या हातात काय आहे ते कळल्याशिवाय हलू नका.

कागदवाली

ताई, आधी त्या फ्रेमवाल्याला नाही सांगा, बाकी सगळं नंतर. मी जुन्या कागदांची दुरुस्ती करते, वीसेक वर्षं झाली, आणि दर पावसाळ्यानंतर माझ्याकडे एक तरी असं चित्र येतं जे ओलीने नाही तर हौसेने केलेल्या सफाईने गेलेलं असतं. वॉटरकलरमधला रंग कागदावर नुसता डिंकाने धरलेला असतो, तो डिंक साठ वर्षांनीही पाण्यात सुटतो. म्हणजे ओला कापूस फिरवला की डागाबरोबर चित्रही कापसावर येतं. ब्लीचने त्या दिवशी कागद पांढराशुभ्र दिसेल, पण ते नीट धुवून काढलं नाही तर आत राहून कागद कुरतडत राहतं आणि काही वर्षांत तो पापडासारखा तुटायला लागतो. बोर्डवर चिकटवणं तर त्याहून वाईट, मागे काही लिहिलेलं असेल तर ते कायमचं गेलं.

ते तपकिरी ठिपके म्हणजे फॉक्सिंग. दमट हवा, बुरशी, कागदातलेच लोखंडाचे बारीक कण, अशा कारणांनी येतात. आपल्याकडे जुन्या फ्रेमला मागे प्लाय नाहीतर हार्डबोर्ड ठोकायचे, त्या लाकडातलं आम्ल हळूहळू कागदात उतरतं म्हणून सगळा कागदच चहाचं पाणी सांडल्यासारखा पिवळा पडतो. मागच्या खाचेत कसर (कागद खाणारी कीड) आहे का तेही बघा, आपल्या हवेत हमखास असते.

फ्रेम उघडायचीच असेल तर जेवणाचं टेबल पुसून कोरडं करा, वर स्वच्छ पांढरी चादर घाला, फ्रेम पालथी ठेवा. मागचा खाकी कागद कडेने कटरने कापा (तो फेकू नका, त्यावर दुकानाचा शिक्का असू शकतो) आणि खिळे पकडीने एकेक सरळ ओढा, स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका. आता सगळ्यात महत्त्वाचं, कागद काचेला चिकटलेला वाटला तर तिथेच थांबा. अजिबात ओढायचं नाही, काचेसकट तसाच घेऊन जा. मुंबईत सीएसएमव्हीएसमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे, तिथे चौकशी करा.

मोकळा निघाला तर हात धुवून कोरडे करून दोन्ही कडांनी उचला आणि खिडकीसमोर धरा. कागदात वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच उमटवलेली फिकट खूण, दिसतो का बघा. त्या काळी चांगले चित्रकार व्हॉटमन या इंग्लिश कंपनीचा कागद वापरायचे आणि त्याच्या बऱ्याच तावांत नावाबरोबर सालही असायचं. साल ५७ च्या नंतरचं निघालं तर प्रश्नच मिटला, चित्र ५७ चं नाहीच. आधीचं निघालं तर एवढंच कळतं की कागद त्या काळातला आहे, कारण जुना कोरा कागद आजही मिळतो आणि खोटं करणारे नेमका तोच शोधतात.

जहांगीरची_पायरी

कागदवालींनी जीव वाचवला त्या चित्राचा. मी थोडंफार जमवतो, तेही कागदावरचंच, कारण कॅनव्हास माझ्या ऐपतीबाहेर आहेत. अंधेरी_लोकल, ते ४० कोटी आणि २३ कोटी दोन्ही मोठे तैलरंग आहेत. कागदावरच्या छोट्या कामांचा बाजार वेगळा, तो आकडा इथे लावून ताईंच्या घरच्यांची झोप उडवू नका.

गायतोंडेंबद्दल म्हणाल तर चुलतभावाला असं का वाटलं ते समजतं. जन्म नागपूरचा १९२४ चा, जे.जे.चा डिप्लोमा १९४८ चा, आणि १९५० च्या दशकात त्यांच्यावर पॉल क्ले या युरोपियन चित्रकाराचा चांगलाच प्रभाव होता, रंगाचे मऊ ठोकळे आणि वर बारीक रेघ असं काम त्यांनी केलंय. १९५७ लाच टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. रोलरने केलेले ते शांत मोठे कॅनव्हास नंतरचे, त्यामुळे नुसते तेच पाहिलेले लोक या काळातली कामं चटकन ओळखत नाहीत. पुढे १९८४ च्या अपघातानंतर मोठं काम काही वर्षं झेपेना तेव्हा परत कागदावरच आले, शाईत. २०१४ ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये मोठं प्रदर्शन झालं त्यात कॅनव्हासबरोबर कागदावरचीही कामं होती, तेव्हापासून जमवणारे या छोट्या कामांकडे जास्त बारकाईने बघायला लागलेत.

पण त्या वर्षांत मुंबईत क्ले बघून भारावलेला चित्रकार काही एकटा तोच नव्हता! जे.जे.तून बाहेर पडलेली कितीतरी मुलं हेच करून बघत होती, त्यातली बरीच पुढे जाहिरातीत गेली, शाळांत ड्रॉइंग मास्तर झाली, त्यांची नावं आज कुणालाच माहीत नाहीत. तुमचं चित्र अशा कुणाचं असण्याची शक्यता जास्त आहे, आणि तसं असलं तरी ते कमी होत नाही असं मला मनापासून वाटतं.

आता कामाचं. चित्राइतकेच कागदपत्र जपा. लग्नाचे फोटो शोधा, त्यात मागे भिंतीवर हे दिसतंय का बघा. लग्न कुठल्या साली झालं, पत्रिका, आहेराची वही, मित्रांची पत्रं, जुनी डायरी, काहीही. आहेराची वही तर सोनं आहे, त्यात कुणी काय दिलं ते लिहिलेलं असतं आणि चित्र देणाऱ्या त्या मित्राचं नाव तिथेच सापडेल कदाचित. असं काही नसेल तर मोठी लिलाव कंपनी नुसत्या सहीवर हात लावत नाही, खोट्या चित्रांनी सगळे पोळलेत. आणि हा क्लिअर फोटो इथून काढा, व्हॉट्सॅपवरही फिरवू नका, चांगल्या फोटोवरून नक्कल करणारे बसलेलेच आहेत. पुढेमागे विकलंत तर कॅपिटल गेनही (विक्रीच्या नफ्यावरचा कर) बघावा लागतो, चित्र घरातली साधी वस्तू धरत नाहीत, सीएला विचारून ठेवा.

ड्रॉइंग_मास्तर

फोटो इथून काढून टाकायच्या आत बघून घेतला. किंमत वगैरे मला कळत नाही पण छत्तीस वर्षं मुलांना वॉटरकलर शिकवलाय, तेवढ्यावर लिहितो.

वॉटरकलरमध्ये पांढरा लावत नाहीत, कागद राखतात. या चित्रात डावीकडे वर नखाएवढी एक जागा कोरी आहे, ती चुकून राहिलेली नाही, दोन वॉश (पातळ रंगाचे थर) तिच्या कडेपर्यंत येऊन थांबलेत. मधल्या पिवळटाखाली राखाडी आधी पूर्ण वाळू दिलाय म्हणून कड धारदार आहे आणि खाली मात्र ओल्यावर ओलं सोडलंय, तिथे फुलकोबीसारखा फुटवा आलाय. म्हणजे कुठे थांबायचं आणि कुठे पाण्यावर सोपवायचं ते या माणसाला पक्कं माहीत होतं. शाईची रेघ सगळ्यात शेवटी आलीय आणि एका ठिकाणी कागद अजून ओलसर होता म्हणून ती किंचित पसरलीय. ज्याने हे केलं तो शिकाऊ नव्हता.

आणि बघा, महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर जगभर हे चाललं होतं. सॅम फ्रान्सिस हा चित्रकार अमेरिकन सैन्यात होता, मणक्याच्या क्षयाने हॉस्पिटलात पडून असताना वॉटरकलरला लागला आणि पुढे पॅरिसला गेला. वोल्स नावाचा जर्मन चित्रकार फ्रान्समध्ये छावणीत अडकला होता, हातात मिळेल त्या चिटोऱ्यावर रंगवायचा, कारण दुसरं काही नव्हतंच. कॅनव्हास महाग, जागा नाही, पण कागदाचा तुकडा आणि रंगाची पेटी कुठेही उघडता येते. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत तरी वेगळं काय असणार. मित्राच्या लग्नात भांडं न देता असं चित्र देणारा माणूस आणि ते पलंगाच्या डोक्याशी इतकी वर्षं ठेवणारी तुमची आत्या, दोघांनाही माझा नमस्कार कळवावासा वाटला.

डोंबिवलीची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, मास्तर तुमचं वाचून बाबा गप्पच झाले. २० हजारवाल्याला नाही सांगितलं, त्याने लगेच ३५ केले, तेव्हा बाबांनीच फोन ठेवला.

काल रात्री कागदवालींनी सांगितलं तसं चादर घालून उघडलं. काचेला चिकटलं नव्हतं, देवाची कृपा. कसर होती, दोन निघाल्या. वॉटरमार्क अर्धाच आहे, व्हॉटमनमधला शेवटचा भाग आणि खाली ५४. मागे पेन्सिलने फक्त एक बाण आहे, वरच्या बाजूकडे, आणि इतकी वर्षं ते भिंतीवर उलटं टांगलेलं होतं!! म्हणजे सही असलेला कोपरा आम्ही खाली धरला पण बाण उलटाच सांगतोय. सही नंतर कुणी केली की कसं ते कळत नाही.

आणि एक गोष्ट. माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) पट्टीखाली चारी बाजूंनी बोटभर कागद झाकलेला होता, तिथे रंग वेगळाच आहे. आम्ही ज्याला राखाडी म्हणत होतो तो तिथे गर्द जांभळा आहे, आणि एका कडेला गुलाबी आहे, चांगला टवटवीत गुलाबी, जो चित्रात आत कुठेच दिसत नाही. हे काय आहे? आहेराची वही अजून सापडली नाही, माळ्यावरच्या दोन ट्रंका उरल्यात.

कागदवाली

ताई, तो उडालेला रंग आहे. जुन्या लाल-गुलाबीतले काही रंग उजेडाने पार जातात. निळ्यात गुलाबी मिसळून जांभळा केलेला असणार, गुलाबी उडाला आणि तुमच्यापुढे राखाडी उरला. म्हणून म्युझियमवाले वॉटरकलरवर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड येऊ देत नाहीत. गेलेला परत आणता येत नाही, कुणी वरून रंगवून देतो म्हणाला तर घराबाहेर काढा. पण ती बोटभर पट्टी आता सगळ्यात मोलाची आहे, चित्र मुळात कसं होतं याचा तेवढाच पुरावा उरलाय. नवीन फ्रेमसाठी कडा कापायला कुणालाही देऊ नका, एक मिलिमीटरसुद्धा.

सही आणि बाणाचं असं, काही चित्रकार अमूर्त काम फिरवून फिरवून करायचे, बाण आधीचा आणि सही ठरल्यावरची असू शकते, सहीची आणि चित्रातल्या रेघांची शाई एकच आहे का ते भिंगाखाली बघता येईल. तोपर्यंत आम्लविरहित कागदाच्या दोन तावांमध्ये आडवं ठेवा, वर वजन नको, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेलं कपाटही नको. नवीन माउंटला चिकटवायचं तेव्हा जपानी टिश्यूच्या दोन पट्ट्या आणि गव्हाची खळ, तेही फक्त वरच्या बाजूने, बाकी तीन बाजू मोकळ्या. सेलोटेप घरात दिसली तरी लपवून ठेवा. ट्रंकांमध्ये वही मिळाली तर तीही झटकून उन्हात टाकू नका, आधी मला फोटो पाठवा.